आगजिभ्या आणि मास्तरांचा मफलर

माझी नात संगणकावर प्राणी हलवते. तिचं पोटच त्यावर चालतं. आधी कागदावर काढते, मग काचेवर त्यांना पाय फुटतात, शेपट्या फुटतात आणि ते चालू लागतात. परवा अमरावतीच्या या घरी आली तेव्हा मी ताटात तूर निवडत बसले होते. शेजारी मांडी घालून म्हणाली, "आजी, मी एक आग ओकणारा प्राणी करते आहे. पण आमचे साहेब म्हणतात, नुसती आग दाखवून चालायचं नाही. ती त्याच्या पोटात कशी राहते, ते आपल्याला ठाऊक पाहिजे. पाहणाऱ्याला नाही सांगितलं तरी चालेल. आता तूच सांग, पोटात आग कशी राहील?" मी म्हटलं, "आग नाही राहत व. आगीसारखं दुसरं राहते. आणि हे मले तवापासून ठाऊक आहे जवा तुही माय बी नव्हती." ती हसली. तिला वाटलं म्हातारी गंमत करते. मी गंमत करत नव्हते. मला राग आला होता आणि तो तिच्यावर नव्हता. तूर तशीच ठेवली आणि हे लिहायला बसले. शाळेत मी सहावीच्या पुढे गेले नाही, त्यामुळे माझं लिहिणं बोलण्यासारखंच होणार. वाचणाऱ्यांनी ऐकल्यासारखं वाचावं.

आमचं गाव पातूरच्या रस्त्यावर. नाव लिहीत नाही, कारण ज्या मास्तरांबद्दल सांगायचं आहे त्यांची नातवंडं अजून तिथे राहतात आणि त्यांनी माझं काही बिघडवलेलं नाही. बाबा सडकेच्या गँगमध्ये खडी पसरायला जायचे. संध्याकाळी आधी डांबराचा वास यायचा, मग बाबा यायचे. दारातच बसून रॉकेलच्या चिंधीने हातापायाचं डांबर पुसायचे, माती लावून हात चोळायचे, आणि तोवर आत मायची भाकर सुरू झालेली असायची. थप थप आवाज थांबला की समजायचं, शेवटची भाकर थापून झाली. ती लहान असायची आणि माझी असायची. आंबाडीची आंबट भाजी, कळण्याची भाकर, ठेचा, त्यावर जवसाचं तेल. जेवताना बाबा बोलायचे नाहीत. बोलण्याचं काम मायचं, आणि तिच्यानंतर माझं. ते मी अजून इमानाने करते आहे.

बाबा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले तेव्हा मी पाच-सहा वर्षांची असेन. एवढंच आठवतं की मायने देव्हाऱ्यातले टाक पदरात बांधले, एकटी नाल्यावर गेली, सोडून आली आणि ओल्या लुगड्यानेच चूल पेटवायला बसली. त्याआधी गावाबाहेरच्या मरीआईच्या ओट्याची झाडलोट आमच्या घराकडे होती. आजी करायची, मग माय करू लागली. गावात पटकी आली, देवी आली की ओट्यावर दहीभात नेऊन ठेवायचं कामही आमच्याच बायांचं. मोठ्या देवळाची पायरी आम्हाला चढू देत नव्हते, पण या देवीचा राग अंगावर घ्यायला मात्र आम्ही पाहिजे होतो. मायने ते सोडलं. गाव तोंडावर काही बोललं नाही, पण विसरलंही नाही.

मग काही वर्षांनी गावात बालवाडी निघाली आणि पातूरच्या ग्रामसेविकाबाईंनी मायला मदतनीस म्हणून ठेवलं. काम काय, तर घरोघरी जाऊन लेकरं गोळा करायची, नाकं पुसायची, आणि पावडरीचं दूध ढवळून त्यांना पाजायचं. पहिले दोन महिने वरच्या आळीतली लेकरं दूध प्यायलीच नाहीत. कोणाच्या हातचं आहे, हे त्यांना घरून शिकवून पाठवलेलं. माय रोज त्यांच्यासमोर पेला ठेवायची आणि रोज उचलायची. एके दिवशी देवकाबाईचा नातू, गोरागोमटा, सदा गळक्या नाकाचा, आपणहून पेला तोंडाला लावून मोकळा झाला. त्याचं पाहून बाकीचे प्यायले. देवकाबाई म्हणजे वरच्या आळीतली तोंडाळ म्हातारी. तिने नातवाला दोन रट्टे दिले, पण दुसऱ्या दिवशी तो पुन्हा प्यायला. त्या दिवशी माय घरी आली तीच हसत. पिपाच्या तळाशी पावडरीच्या गुठळ्या राहायच्या, त्या ती माझ्यासाठी आणायची. टाळूला चिकटायच्या, गोड लागायच्या. मायच्या लुगड्याला त्या दुधाचा वास लागून गेला होता आणि मला तो फार आवडायचा. त्या नोकरीत मायचं काय होतं, ते आज कळतं. ज्या गावाने तिच्या हातचं पाणी घेतलं नाही, त्या गावाची लेकरं तिच्या हातचं दूध पीत होती.

आणि शाळेत मास्तर होते. खोटं लिहिणार नाही, त्यांच्यासारखं शिकवणारं मला पुन्हा कोणी भेटलं नाही. खडूने फळ्यावर बेडकाचं पोट काढायचे तर बेडूक उडी मारेल असं वाटायचं. मला मागच्या बाकावरून उठवून त्यांनीच पुढे बसवलं होतं. कपाटातली पुस्तकं घरी न्यायला देत. "तुझ्या डोक्यात प्रश्न येतात, ते मरू देऊ नको," असं म्हणायचे. म्हणूनच राग जात नाही. वाईट माणूस वाईट वागला तर आपण थुंकतो आणि पुढे जातो.

त्या वर्षी दसरा झाला, पाऊस उघडला, पण जमिनीत ओल होती, नाल्याकाठी गवत गुडघाभर. तेव्हा गावाच्या कडेला सिनेमाचा तंबू आला. दिवसभर गाडीवरून भोंगा फिरला. शनिवारी संध्याकाळच्या पहिल्या खेळाला सगळं गाव लोटलं. पुरुष एका बाजूला, बाया-लेकरं दुसऱ्या बाजूला, मागे चार-पाच खुर्च्या मोठ्या लोकांसाठी. त्यातल्या एका खुर्चीवर मास्तर. आमच्या मोहल्ल्यातल्या बायांसाठी जागा होती ती दोरीच्या पलीकडे, तंबूच्या पार कडेला, जिथे अंधार होता. तशी पाटी कोणी लावली नव्हती. लावायची गरजच नव्हती. माय, मी आणि आमची सगळी लेकरं तिथे बसलो. दिवे दोनच होते, डुगडुग करणाऱ्या इंजिनावर चालणारे. एक वरच्या आळीतल्या बायांच्या डोक्यावर, दुसरा मागे खुर्च्यांपाशी. मशीन एकच असल्यामुळे रीळ संपलं की ते बदलेपर्यंत दिवे लागायचे. दिवे लागले की नाल्याकडून किड्यांचा लोंढा यायचा, आणि विझले की ते सगळे किडे खाली बसलेल्यांच्या अंगावर पडायचे. मोठ्या बाया पदरात गुरफटलेल्या, लेकरांच्या माना मात्र उघड्या. अंधारात चटाचटा माना झटकल्याचे आवाज यायचे. आम्ही पलीकडून हसत होतो. म्हटलं, एकदा तरी आपली जागा बरी निघाली.

मोठ्या सिनेमाआधी त्यांनी हलत्या चित्रांचा छोटा तुकडा दाखवला. विलायती होता, बोलणं काही कळत नव्हतं, म्हणून तंबूवाला स्वतःच भोंग्यातून सांगत होता. "देखो देखो, आता पाहा बाप्पा, ये आया आग का जानवर!" सरड्यासारखा एक प्राणी होता, पोट घागरीएवढं. तो मांजरीच्या मागे पळायचा, जीभ बाहेर काढायचा, आणि जीभ म्हणजे आगीचा पट्टा. मांजरीच्या मानेवरून एकदाच जीभ फिरवली की तिथे भाजल्याची लांब रेघ उठायची. मांजर उडी मारायची आणि तंबू हसून लोळायचा. लेकरांनी तिथल्या तिथे त्याचं नाव ठेवलं, आगजिभ्या.

सोमवारी शाळेत आम्ही मास्तरांच्या मागे लागलो, आगजिभ्या खरा असतो का. त्या दिवशी मास्तर मफलर गुंडाळून आले होते. ऑक्टोबरच्या त्या उकाड्यात. म्हणाले, सर्दी झाली. पण शिकवलं मात्र झकास. म्हणाले, "आग कोणाच्या पोटात राहू शकत नाही. आगीला हवा लागते. पण चित्र काढणाऱ्याने अगदीच हवेतून आणलेलं नाही. मुंगी चावल्यावर जळजळ का होते? ती आम्ल सोडते. काही किडे असे असतात की ते चावत नाहीत, डसत नाहीत, पण अंगावर चिरडले तर त्यांच्या आतला रस कातडी जाळतो. तुमच्या घरी बिब्बा आहे ना? त्याचं तेल लागलं तर लगेच काही होतं का? नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फोड येतो. तसंच. आगजिभ्या म्हणजे पाय फुटलेला बिब्बा समजा." आम्ही खूप हसलो. मास्तरही हसले, आणि हसताना त्यांनी मफलर जरा वर ओढला.

त्याच वेळी तिकडे बालवाडीत आग लागली होती. सकाळी लेकरं आली ती कुणाच्या मानेवर, कुणाच्या गालावर, कुणाच्या पापणीजवळ लाल लांब रेघा घेऊन. चाबूक मारल्यासारख्या. दुपारपर्यंत रेघांवर बारीक फोड आले. दूध पिणाऱ्या निम्म्या लेकरांना. देवकाबाई नातवाला कडेवर मारून आली आणि दारातूनच ओरडली, "काहून व, काय केलंस माह्या पोट्ट्याले?"

माय म्हणाली, "मी काय करन बाई? आला तवाच असा होता."

"काल नव्हतं. रविवारी नव्हतं. तुह्या हातचं प्याला अन् असं झालं."

"काल बालवाडी बंद होती देवकाबाई. काल म्या कोणाले हातच लावला नाई."

"मंग तुमच्या पोट्ट्यायले काहून नाई? पाह्य बरं, एकाच्या तरी मानीवर हाय का?"

नव्हतं. आमच्या मोहल्ल्यातल्या एकाही लेकराला रेघ नव्हती. संध्याकाळपर्यंत गावाने नाव ठरवलं, भानामती. माणसाच्या अंगावर आपोआप फुल्या उठवणारी, कपडे पेटवणारी करणी. आणि ती केली कोणी, तर मरीआईला पाठ दिलेल्या, देव नाल्यात सोडून आलेल्या बाईने. बारकी लेकरं रडत रडत खरं सांगत होती, "आगजिभ्यानं चाटलं." त्यावर त्यांना थापडा मिळत होत्या. आज मला याचं हसू येतं आणि त्याच दमात दात आवळले जातात. सबंध गावात खऱ्याच्या सगळ्यात जवळ होती ती चार वर्षांची लेकरं. ती निदान तंबूकडे तरी बोट दाखवत होती.

मला तिथूनच सुचलं. लेकरं म्हणतात तंबू. मास्तर म्हणतात किडा, आणि फोड दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. शनिवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ, बरोबर बसत होतं. दिवा होता त्यांच्या डोक्यावर, आम्ही होतो अंधारात. आम्हाला दोरीपलीकडे बसवलं म्हणून आम्ही वाचलो, आणि वाचलो म्हणून आम्ही गुन्हेगार. हे मला तेव्हा एवढ्या शब्दांत सांगता आलं नसतं, पण पोटात कळलं होतं. मंगळवारी सकाळी शाळेआधी मी तंबूपाशी गेले. खांबाखालच्या ओल्या गवतात ते होते. मुंगीएवढेच, जरा लांबट, एक पट्टा काळा, एक नारिंगी, मधे निळसर चमक. बोट नेलं की शेपटाकडचा भाग वर उचलून तुरुतुरु पळायचे. दोन काडेपेटीत घातले. घरामागे जाऊन एक डाव्या हातावर ठेवला आणि बोटाने रेघ ओढल्यासारखा चिरडला. काहीच झालं नाही. ना चटका, ना खाज. मला वाटलं नीट चिरडला गेला नसेल, म्हणून दुसरा त्याच जागी आडवा ओढला. माझी चूक झाली ती इथे. आडवा नको होता ओढायला.

बुधवारी सकाळी हात लाल झाला, गुरुवारी फोडांनी भरला. मनगटाच्या वर, ठसठशीत. मी आनंदाने नाचत मायला दाखवला. माय चुलीपुढून उठली, हात हातात घेतला, आणि तिचा चेहरा पांढरा पडला. "काय करून ठेवलंस व पोरी?" मी म्हटलं, "माय, किडा आहे तो. मी सगळ्यायले दाखवतो." ती म्हणाली, "झाक ते." मी ऐकलं नाही. माय शाळेत गेली नव्हती, म्हणून तिला कळत नाही, असं मला वाटलं. तिला जे कळलं होतं ते मला तासाभरात कळणार होतं.

गुरुवारी शाळेच्या ओसरीवर गाव जमलं. सरपंचभाऊ खुर्चीवर. वय झालेले, पानाने ओठ लाल, वाईट माणूस नव्हते. मास्तर शेजारी, मफलर तसाच. समोर खाली माय एकटी उभी. बाबा कामावरून आले नव्हते. सरपंचभाऊंनी मांडलं ते असं, की कोणाला बालवाडी बंद करायची नाही, मायच्या पोटावरही कोणाला पाय द्यायचा नाही. फक्त तिने मरीआईचा ओटा धुवावा, सासू ठेवायची तसा दहीभात ठेवावा आणि चुकलं म्हणावं. मग सोमवारपासून खुशाल कामावर यावं.

"नाई तं?" माय म्हणाली.

"नाई तं मंग लेकरं कोन पाठवीन व तुह्याकडे?"

"भाऊ, म्या त्या ओट्याले पाठ दिली. लेकरायले नाई दिली. म्या काई केलं असन तं पोलिसात द्या. पन चुकलं म्हननार नाई."

तेव्हा मी पुढे घुसले आणि हात वर केला. "हे पाहा, मले बी झालं. मीच केलं. किड्यानं होते."

मला वाटलं होतं लोक जवळ येऊन पाहतील. लोक मागे सरले. देवकाबाईचा आवाज आला, "फुली हाय व माय. फुली." आणि खरंच, दोन रेघा एकमेकीवर आडव्या, फोडांची फुली. भानामतीची खूण म्हणून जन्मभर जे ऐकलं होतं, ते त्यांच्यासमोर माझ्या हातावर उभं होतं. कोणी म्हणालं, पोटच्या पोरीवर पण चालवली. कोणी म्हणालं, पोरगी स्वतःच कबूल झाली, मीच केलं म्हणते. मी काडेपेटी म्हणू लागले, दिवा म्हणू लागले, शनिवार म्हणू लागले, पण कोणी ऐकेना. पुरावा म्हणून जे आणलं तेच मायच्या गळ्यात बांधलं जात होतं.

मी मास्तरांकडे वळले. "मास्तर, तुमीच सांगतलं ना सोमवारी? किडा चिरडला की रस जाळते, बिब्ब्यासारखा. सांगा ना यायले."

ओसरीही त्यांच्याकडे वळली. मास्तरांचा शब्द गावात चालायचा. ते एवढंच म्हणाले असते की मुलगी खरं बोलते, तर सगळं तिथेच संपलं असतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ओसरीच्या खांबाकडे पाहत म्हणाले, "मी वर्गात सामान्य विज्ञान शिकवतो. लोकांच्या श्रद्धेच्या गोष्टींत मी पडत नाही." आणि बोलता बोलता त्यांनी मफलरात दोन बोटं घालून मान खाजवली.

ती दोन बोटं मी पाहिली. सोमवारपासून तो मफलर पाहत होते. सर्दी म्हणणारा माणूस एकदाही शिंकला नव्हता. खुर्च्यांपाशीही दिवा होता. आणि मास्तर कधी बालवाडीत गेले नव्हते, मायची सावलीसुद्धा त्यांच्यावर पडली नव्हती. बारा वर्षांच्या पोरीने हे सगळं किती वेळात जोडलं असेल, सांगता येत नाही. हात मात्र डोक्याच्या आधी गेला. मी मफलर धरला आणि ओढला.

कानामागून गळ्याच्या हाडापर्यंत रेघ होती. सोललेली, पिकलेली, लेकरांच्या होती तशीच. आणि तिच्यावर राखाडी थर. अंगारा. मरीआईच्या ओट्यावरचा अंगारा, कुंकवाच्या कणांसकट. ज्याने आम्हाला आम्ल शिकवलं होतं तो माणूस चार दिवस गुपचूप तिकडे जाऊन अंगारा लावून येत होता, आणि तिथेच मायला पाठवायला निघालेल्या लोकांशेजारी खुर्ची टाकून बसला होता.

सरपंचभाऊंनी पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं आणि म्हणाले, "मास्तर, तुमी कवाधरून बालवाडीत दूध प्याले जाऊन रायले?"

आधी मागे कोणीतरी फिसकलं, मग ओसरी हसली. देवकाबाई सुद्धा तोंडाला पदर लावून हसली. त्या एका हसण्याने भानामती गेली. किड्याला कोणी पाहिलं नाही, काडेपेटी कोणी उघडली नाही, मायची माफी कोणी मागितली नाही. लोक धोतरं झटकत उठले आणि घरी गेले. सोमवारी लेकरं बालवाडीत आली, देवकाबाईचा नातू पहिला. मायची नोकरी राहिली.

माझी शाळा राहिली नाही. शुक्रवारी मास्तरांनी मला वर्गाबाहेर उभं केलं. मफलर नव्हता, आता लपवायचं काय होतं. निरोप असा होता की सगळ्या शाळेसमोर पाया पडून माफी मागितली तर आत. संध्याकाळी मायने मला पुढ्यात घेतलं, हाताला खोबरेल लावलं आणि म्हणाली, "पड पाया. काय जाते तुहं?" मी म्हटलं, "तू पडली का मरीआईच्या?" माय तेल लावत राहिली, फुलीवरून, हळूहळू. मायला मी तेव्हा असं बोलायला नको होतं. पण बोलले.

शनिवारी मी गेले. सगळी शाळा ओळीत उभी. मास्तर पायरीवर. मी जवळ गेले आणि म्हटलं, "मास्तर, पडतो मी पाया. पन आधी तुमी पोरायले सांगा की तो किडा होता." मी उद्धटपणाने म्हटलं नव्हतं. खरंच वाकायला तयार होते. एक वाक्य हवं होतं, तीन शब्दांचं, आणि ते त्यांना येत होतं. ते आत गेले, टेबलापाशी बसले आणि दाखला लिहिला.

तो शाळा सोडल्याचा दाखला माझ्या पेटीत आहे. अक्षर मोत्यासारखं. वर्तणूक, चांगली. शाळा सोडण्याचे कारण, पालकांच्या इच्छेवरून. खाली बाबांचा अंगठा. बाबांना वाटलं, मास्तरांनी लिहिलं म्हणजे पोरीच्या भल्याचं असेल. मला पुष्कळदा वाटतं, त्यांनी उद्धट म्हणून लिहिलं असतं तर बरं झालं असतं. मी तो कागद घेऊन कोणापुढे उभी राहिले असते, का म्हणून कोणी विचारलं असतं. त्यांनी तशी जागाच ठेवली नाही. मफलर गेला म्हणून त्यांनी कागद पांघरला.

मग मला मामाकडे अकोल्याला पाठवलं, जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या त्या अंगाला. दिवसभर मामीबरोबर सरकी निवडायची, आणि वाण्याकडून आलेली प्रत्येक पुडी सोडून वाचायची. पुढे लग्न झालं, लेकरं झाली, मग एका वाचनालयात किड्यांचं इंग्रजी पुस्तक दिसलं. चित्रात तोच होता, काळा-नारिंगी, शेपूट वर. नाव वाचता येईना. ते एक नाव वाचायचं म्हणून मी तिशीत इंग्रजी अक्षरं शिकले. वाचलं तेव्हा वाचनालयात मोठ्याने हसले आणि लगेच रडले, शेजारच्या माणसाने पाण्याचा पेला आणून दिला. मास्तरांना पोस्टकार्ड टाकलं होतं, किड्याचं नाव लिहून, खाली माझं नाव लिहून. दुसरं काही लिहिलं नाही. उत्तर आलं नाही.

हे सगळं नातीला सांगितलं तर ती संध्याकाळभर स्वतःच्या फोनवर शोधत बसली आणि म्हणाली, "आजी, तुला माहीत आहे का, ते विष त्या किड्याचं स्वतःचं नसतंच. त्याच्या पोटात सूक्ष्म जंतू राहतात, ते बनवतात. किडा नुसता बाळगतो." मला हे माहीत नव्हतं. मी दोनदा वाचून घेतलं. तिने तिच्या प्राण्याच्या पोटात आता तेच दाखवायचं ठरवलं आहे, आग नाही, आग बनवणारे बिऱ्हाडकरू. पोरगी मनाने मऊ आहे, तिच्या आईसारखी. ताटातली तूर माझ्याबरोबर निवडता निवडता हळूच म्हणाली, "मास्तरांचंही तसंच असेल ना आजी? विष गावाचं होतं. त्यांनी नुसतं बाळगलं. सोडून दे ना आता."

मी म्हटलं, "किड्याले मी कवाच सोडून दिलं. त्याले वाचता येत नव्हतं."